परक्या वाहनावरील विश्वास



गतवर्षी पावसाळ्यात नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. विषय न्यायव्यवस्थेचा होता. न्यायालयांची रचना नुसती फळ्यावर लिहून मनात ठसत नाही, म्हणून मी दिल्लीतील एका गाजलेल्या खटल्याची हकीकत थोडक्यात सांगितली. भाड्याच्या मोटारीतून रात्री घरी निघालेली एक तरुणी वाटेत झोपी गेली आणि चालकाने तिच्यावर अत्याचार केला, एवढे सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "बाई, ती झोपली नसती तर हे घडलेच नसते ना?" तिच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता, घरीदारी जे कानी पडते तेच तिच्या तोंडून बाहेर आले. मी उत्तर देण्यास आरंभ केला आणि घंटा झाली. ते अपुरे राहिलेले उत्तर या अंकाच्या निमित्ताने पुरे करीत आहे.

आपल्या गोव्यात भाड्याच्या वाहनाचा प्रवास नवा नाही. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा असणारा पायलट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. लहानपणी आजारी आजीसाठी औषध आणावयाचे झाले की आई मला अशाच एका पायलटच्या मागे निःशंक बसवून देई. तो कोणाचा मुलगा, कोणत्या वाड्यावर राहतो, हे तिला ठाऊक असे. आमच्या कोकणीत याला 'वळख' म्हणतात. त्याने काही वावगे केले असते तर तिन्हीसांजेच्या आत साऱ्या गावाला ते कळले असते, आणि हे त्यालाही माहीत होते. त्या काळी प्रवाशाचे रक्षण ही ओळखच करीत असे.

मोठ्या शहरात अशी ओळख कोठून असणार? तेथे लक्षावधी माणसे रोज एकमेकांना प्रथमच भेटतात. ही उणीव भरून काढण्यासाठी भ्रमणध्वनीवरून गाडी मागविण्याची पद्धत निघाली. मध्यस्थ कंपनी चालकाची माहिती आपल्या दप्तरी नोंदवून घेते आणि गाडी येण्यापूर्वी त्याचे नाव, छायाचित्र व गाडीचा क्रमांक प्रवाशाला दाखविते. आपल्याकडेही २०१८ पासून 'गोवामाईल्स'मुळे अशा रीतीने टॅक्सी मागविता येते. वरवर पाहता येथे प्रवासी चालकावर विश्वास ठेवतो. वस्तुतः तो विश्वास ठेवतो त्या नोंदीवर आणि ती करणाऱ्यावर. अर्थात् नोंदच खोटी असेल तर सारा डोलारा वाळूवर उभा राहतो. दिल्लीत नेमके हेच घडले.

५ डिसेंबर २०१४ च्या रात्री त्या तरुणीने 'उबर' कंपनीच्या सेवेतून गाडी मागविली होती. दिवसभराच्या श्रमाने तिला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी आडवाटेला एका निर्मनुष्य जागी उभी होती. चालकाने तिला मारहाण केली, जिवाची भीती घातली आणि तिच्यावर बलात्कार केला. पुढील चौकशीत ज्या गोष्टी उघडकीस आल्या त्या मन सुन्न करणाऱ्या होत्या. चालकाने दाखविलेले पोलिसांचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र बनावट निघाले. त्याच्यावर पूर्वीही गंभीर आरोप झाले होते. त्यांपैकी एका खटल्यातून तो सुटलाही होता. न्यायालयाने ज्याला निर्दोष ठरविले त्याला दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु स्त्रियांना रात्री घरी पोहोचविण्याचे काम ज्याच्या हाती द्यावयाचे त्याची पूर्वपीठिका पोलिसांकडून खरोखरच तपासून घेतली गेली असती, तर ते प्रमाणपत्र त्याच दिवशी उघडे पडले असते. शिवाय गाडीचा ठावठिकाणा सांगणारे स्वतंत्र यंत्र गाडीत नव्हते. तो केवळ चालकाच्या फोनवरून कळत असे, आणि फोन बंद करणे चालकाच्याच हाती होते.

आता याची दुसरी बाजू पाहा. चालकाने तिला घराजवळ सोडले, तेव्हा त्या भयंकर मनःस्थितीतही तिने गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून घेतले आणि लगोलग पोलिसांना कळविले. दोनच दिवसांत आरोपी मथुरेत पकडला गेला. एक नोंद खोटी ठरली म्हणून गुन्हा घडू शकला. दुसरी नोंद खरी होती, ती तिने स्वतः केलेली होती, आणि तिच्या आधारे न्यायाची वाट मोकळी झाली.

मात्र आरोपी सापडला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. आरोपपत्र त्याच महिन्यात दाखल झाले. जानेवारी २०१५ मध्ये जलदगती न्यायालयात साक्षी सुरू झाल्या आणि महिना सरण्यापूर्वी सरकार पक्षाच्या सर्व साक्षीदारांची तपासणी संपली. इतक्यात आरोपीने वकील बदलला आणि अगोदरच्या वकिलाने उलटतपासणी नीट केली नाही, असे सांगून साक्षीदारांना पुन्हा बोलावण्याची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ती मान्य केली. जी हकीकत त्या तरुणीने एकदा भर न्यायालयात, प्राण कंठाशी आणून सांगितली, तीच तिला पुन्हा सांगावी लागणार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० सप्टेंबर २०१५ रोजी त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. केवळ वकील बदलला हे साक्षीदाराला परत बोलावण्यास पुरेसे कारण नव्हे, आणि आरोपीला न्याय्य सुनावणी मिळालीच पाहिजे तशी ती पीडितेलाही मिळाली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुढे ऑक्टोबरमध्ये आरोपी दोषी ठरला आणि ३ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याला उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप झाली. घटनेपासून शिक्षेपर्यंत अकरा महिनेही पुरे लागले नाहीत.

त्या तरुणीने कंपनीविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात नुकसानभरपाईचा दावाही लावला होता. तो २०१५ मध्येच तडजोडीने मिटला. फौजदारी खटला गुन्हेगाराला शिक्षा देतो, तर दिवाणी दावा ज्याच्या हलगर्जीपणामुळे हानी झाली असा आरोप असतो त्याच्याकडे भरपाई मागतो. एकाच घटनेतून हे दोन्ही मार्ग निघू शकतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

सर्वच खटले मात्र असे त्वरेने संपत नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीला तिच्या कंपनीने ठरविलेल्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने वाटेतून दूर नेऊन, तिच्यावर अत्याचार करून, ठार मारले. येथे तर गाडी रोजचीच होती. २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज मे २०१७ मध्ये फेटाळला. परंतु फाशीचे वॉरंट निघाले ते एप्रिल २०१९ मध्ये! हा विलंब अकारण व असमर्थनीय आहे, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने (याच न्यायालयाच्या कक्षेत आपला गोवाही येतो) जुलै २०१९ मध्ये फाशीऐवजी पस्तीस वर्षांचा कारावास ठरविला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. फाशी असावी की नसावी, या वादात मी येथे शिरत नाही. पण घटना घडली तेव्हा जन्मलेले मूल शेवटचा निकाल लागला तेव्हा सतरा वर्षांचे झाले होते, म्हणजे तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून थोडे मोठे. मृत मुलीच्या आईवडिलांनी ती सतरा वर्षे कशी काढली असतील, याचा विचार करावा. आणि दप्तरातील एखादा कागद वेळेवर पुढे सरकला नाही तर न्यायाच्या तराजूवर त्याचे केवढे ओझे पडते, हेही त्यावरून ओळखावे.

आता कायद्यात काय बदलले ते पाहू. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत ठावठिकाणा दर्शविणारे यंत्र आणि संकटसमयी दाबावयाचे बटन असणे आवश्यक झाले. दुचाकी व तीनचाकी वाहनांना या नियमातून सूट आहे, म्हणून आपल्या पायलटच्या मागे बसताना तशा बटनाची अपेक्षा करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मध्यस्थ कंपन्यांचा समावेश झाला व त्यांना परवाना घेणे भाग पडले. त्यापुढील वर्षी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालकाची पोलिसांकडून पडताळणी, त्याचे प्रशिक्षण, अहोरात्र चालणारा नियंत्रण कक्ष आणि चालकाच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा, या गोष्टी सांगितल्या होत्या. नियम चांगले आहेत. पण बनावट प्रमाणपत्राच्या त्या कहाणीवरून एवढे तरी कळते की, कागदावर शिक्का असणे आणि शिक्का खरा आहे हे कोणीतरी पाहिलेले असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रवाशाने काय करावे? गाडीचा क्रमांक व चालकाचा चेहरा फोनवरील माहितीशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत तर गाडीत पाऊल ठेवू नये. प्रवासाचा तपशील घरी कळवावा. आणखी एक साधी रीत अमेरिकेतील एका दुःखद घटनेतून रूढ झाली. मार्च २०१९ मध्ये साऊथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरात एक विद्यार्थिनी आपण मागविलेलीच गाडी समजून भलत्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. तेव्हापासून तेथे मुलामुलींना शिकविले जाते की, "तुम्ही माझ्यासाठीच आलात का?" असे विचारू नये, कारण त्याला कोणीही 'होय' म्हणेल, "तुम्ही कोणाला न्यावयास आला आहात?" असे विचारावे. खऱ्या चालकाला ते नाव ठाऊक असतेच. असे विचारण्यात त्याचा अपमान नाही. बहुसंख्य चालक प्रामाणिकपणे पोट भरणारे असतात, आणि खरी पडताळणी त्यांच्याही अब्रूचे रक्षण करते.

एवढे करूनही संकट ओढवले तर ११२ हा क्रमांक फिरवावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; घटना आमच्या हद्दीतली नाही, असे सांगून ती नाकारता येत नाही. अशा गुन्ह्यातील पीडितेवर सरकारी किंवा खासगी रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार केले पाहिजेत. स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. खटल्याची सुनावणी बंद दालनात होते. आणि पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल अशी माहिती छापणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. हे बंधन केवळ वर्तमानपत्रांसाठी नाही. भ्रमणध्वनीवरून असे नाव दहा जणांना पाठविणाऱ्यालाही ते लागू होते, हे तुम्ही मुलांनी विशेषेकरून लक्षात ठेवावे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. ती तरुणी झोपली नसती तर? मी उलट विचारते: कदंबच्या बसमध्ये तुझे आजोबा डुलकी घेतात, तेव्हा त्यांचा खिसा कापला गेला तर आपण चोराला पकडतो की आजोबांना बोल लावतो? भाडे देऊन गाडीत बसणारा प्रवासी आपली काळजी काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवितो. निर्धास्तपणे झोप लागावी, याचसाठी तर ते भाडे असते. त्या रात्री झोपलेल्या प्रवाशाने कोणताही नियम मोडला नव्हता. नियम मोडला तो जागा असलेल्या चालकाने, आणि प्रमाणपत्र न तपासता दप्तरी ठेवणाऱ्यांनी. सावधगिरी ही आपल्या हितासाठी बाळगावयाची गोष्ट आहे. ती कोणाकडून चुकली म्हणून दुसऱ्याचा अपराध तसूभरही कमी होत नाही. न्यायालयानेही शिक्षा देताना झोपेचा हिशेब मांडला नाही.

मुली, त्या दिवशी घंटा झाली म्हणून हे सांगावयाचे राहिले. पुढे तू शिकायला किंवा नोकरीला परगावी जाशील, दमशील, आणि कधीतरी एखाद्या गाडीत तुझाही डोळा लागेल. तेव्हा तुला सुखरूप घरी पोहोचविणे हे त्या चालकाचे, त्या कंपनीचे आणि आम्हा सर्वांचे कर्तव्य आहे. त्यात कोणी चुकले, तर दोष आपला म्हणून गप्प बसू नकोस.