गुरगुरणारा गीझर आणि बारीक धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गीझरचा आवाज आणि गरम पाण्याची बारीक धार या दोन तक्रारी अनेकदा जोडीनेच येतात. दोन्हींचे मूळ बहुधा यंत्रात नसून पाण्यात असते. सोलापुरात नळाला उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते. ते हौदात साठवून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि कमी पडले की त्याच हौदात बोअरचे किंवा टँकरचे पाणी पडते. या व्यवस्थेत पाण्यातून क्षार येतात आणि टाकी रिकामी पडली की पाइपात हवा शिरते. गीझर आणि सोलरच्या बहुतेक कुरबुरी या दोन कारणांशी येऊन थांबतात.

गैरसमज : गीझर आवाज करू लागला म्हणजे कॉइल गेली.

वस्तुस्थिती : जळालेली कॉइल आवाज करत नाही, पाणी गारच राहते. पाणी तापताना हलका ‘सूं’ आवाज येणे हेही नेहमीचेच आहे. गुरगुर आणि कडकड मात्र क्षारांच्या थराची खूण असते. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, कॉइलवर बसते. या थराखाली अडकलेल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते; तिचे बुडबुडे भोवतालच्या थंड पाण्यात फुटतात आणि टाकी गुरगुरते. असा गीझर खोलला तर कॉइलवर पांढरट-तपकिरी कवच दिसते आणि तळाशी त्याच्याच खपल्यांचा ढीग असतो.

आवाज कधी येतो यावरून कारण ओळखता येते. गीझरचा दिवा लागलेला असताना येऊन तो विझताच थांबणारा आवाज क्षारांचा असतो. नळ उघडल्यावर धार फुरफुरत, तुटत आली तर पाइपात हवा आहे. नळ झटकन बंद करताच पाइपात दणका बसला, तर तो वाहते पाणी एकदम अडल्याचा धक्का असतो. अशा ठिकाणी पाइप भिंतीला क्लॅम्पने पक्के करावेत आणि नळ हळू बंद करावा.

गैरसमज : पाणी नितळ आहे, तुरटीही फिरवली आहे, मग क्षार कुठून येणार?

वस्तुस्थिती : तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार पाण्यातच राहतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही गीझरमध्ये भरपूर क्षार सोडू शकते. टीडीएस मीटरवरूनही जडपणा नेमका कळत नाही, कारण ते कॅल्शियमबरोबर मीठही मोजते. साबणाला फेस न येणे आणि बादलीच्या कडेला पांढरे वळ उठणे या जड पाण्याच्या साध्या खुणा आहेत.

गैरसमज : धार कमी झाली की मोठी टाकी किंवा जास्त एचपीची मोटार घ्यावी.

वस्तुस्थिती : नळाचा दाब टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी 500 लिटरची असो वा 2000 लिटरची. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर, नळाच्या 3 मीटर वर असलेल्या टाकीतून जेमतेम 0.3 बार दाब मिळतो. हौदातून टाकी भरणारी मोटार कितीही मोठी असली तरी नळाला तिचा उपयोग नाही.

आधी त्याच बाथरूममधला गार पाण्याचा नळ उघडून पाहावा. दोन्ही धारा बारीक असतील तर टाकीची उंची, मुख्य कॉक किंवा जुना लोखंडी पाइप तपासावा. 15 मिलिमीटरच्या पाइपात क्षार बसून वाट 12 मिलिमीटर उरली, तरी प्रवाह सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. फक्त गरम धार बारीक असेल तर गीझरच्या तोंडाचा नॉनरिटर्न वॉल्व्ह, बाहेर जाणारी नळी आणि नळाची किंवा शॉवरची जाळी तपासावी. प्रेशर पंप बसवायचाच असेल तर गीझरच्या पट्टीवर छापलेला कमाल दाब पाहूनच बसवावा.

गैरसमज : सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात, म्हणजे गळती आहे, तोटी बंद करून टाकावी.

वस्तुस्थिती : पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 1.4 टक्के फुगते. 25 लिटरच्या गीझरमध्ये ही वाढ साधारण 350 मिलिलिटर भरते. नॉनरिटर्न वॉल्व्ह असल्याने हे पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून ते थेंबाथेंबाने बाहेर पडते. ही वाट बंद केली तर टाकी फुटण्याचा धोका असतो. गीझर बंद असतानाही पाणी ठिबकत राहिले तर सेफ्टी वॉल्व्ह बदलावा. तिथून वाफ येऊ लागली तर थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो; लगेच एमसीबी पाडावा.

गैरसमज : सोलापुरात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे सोलरकडे बघावे लागत नाही.

वस्तुस्थिती : सोलरमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी खाली येते. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पॅनेलमध्ये क्षार साचले की हे अभिसरण मंदावते आणि कडक उन्हातही पाणी कोमटच राहते. काचेच्या रुंद नळ्या साफ करायला त्या मानाने सोप्या असतात. सोलरच्या टाकीवरची हवेची नळी उघडी असावी आणि तिचे तोंड गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच असावे. ती तुंबली तर आत हवा कोंडून धार अडखळते; पाणी उपसले जाताना पोकळी तयार होऊन टाकी चेपण्याचीही भीती असते.

गैरसमज : फरशीचे अ‍ॅसिड ओतले की गीझर साफ होतो.

वस्तुस्थिती : हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चुनखडीबरोबर टाकीचे अस्तर आणि कॉइलचा धातूही खाते. कॉइल काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणात बुडवावी, टाकीचा तळ धुऊन काढावा आणि गंज रोखणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलावा. हे काम वीज पूर्ण तोडून, जाणकाराकडूनच करून घ्यावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात ते दरवर्षी करणे योग्य. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर नेऊ नये; पाणी जितके जास्त तापते तितके क्षार लवकर बसतात. टाकी रिकामी पडून पुन्हा भरल्यावर आधी गरम नळ उघडून हवा जाऊ द्यावी आणि सलग धार लागल्यावरच गीझर चालू करावा.