तळातून अजिंक्यपदाकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : तळाशी चाचपडणारा फुटबॉल संघ एका वर्षात चमत्काराने विजेता होऊ शकतो.

वस्तुस्थिती : दाखला हमखास लेस्टर सिटीचा दिला जातो. २०१५-१६ मध्ये या क्लबने इंग्लंडची प्रीमियर लीग आर्सेनलला १० गुणांनी मागे टाकून जिंकली. हंगामापूर्वी सट्टेबाजांनी ५०००ला १ असा भाव दिला होता. तो आकडा सर्वांच्या तोंडी असतो, त्याआधीची वर्षे मात्र कोणी मोजत नाही.

विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी २०१० मध्ये क्लब घेतला तेव्हा तो दुसऱ्या स्तरावर होता. गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल २०११ मध्ये आला. २०१२ मध्ये बचावपटू वेस मॉर्गन आणि पाचव्या स्तरावरील फ्लीटवूड टाउनचा जेमी वार्डी, तर जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या स्तरावरून रियाद महरेझ आला. त्याच हंगामात १०२ गुणांसह क्लब प्रीमियर लीगमध्ये चढला. २०१४-१५ मध्ये २९ सामन्यांत अवघे १९ गुण झाले होते. उरलेल्या ९ पैकी ७ सामने जिंकून संघ १४वा आला. विजेत्या संघातील नेहमीच्या ११ पैकी ८ जण या पडत्या काळातही लेस्टरकडूनच खेळत होते. नवे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाती घडत आलेला संघ आला आणि नवा मध्यरक्षक एन्गोलो कांतेने त्यातली मोठी उणीव भरून काढली. ही पाच वर्षांची बांधणी आहे. तिला एका वर्षाचा चमत्कार म्हणणे म्हणजे ती करणाऱ्यांचे श्रम पुसून टाकणे.

गैरसमज : प्रशिक्षक बदलला की संघ सावरतो.

वस्तुस्थिती : अर्थशास्त्रज्ञ बास टेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील डच लीगचे निकाल तपासले. हकालपट्टीनंतर दिसणारी सुधारणा, तशाच घसरणीत प्रशिक्षक कायम ठेवणाऱ्या संघांतही दिसली. याउलट प्रशिक्षक झाबी अलोन्सो यांचे उदाहरण दिले जाते : त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये शेवटून दुसऱ्या स्थानावरील जर्मन क्लब लेव्हरकुसेन हाती घेतला आणि २०२३-२४ मध्ये अपराजित राहून जर्मनीची बुंडेसलिगा जिंकली. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद. पण हाच संघ २०२१-२२ मध्ये तिसरा होता.

गैरसमज : पैसा ओतला की लगेच विजेतेपद मिळते.

वस्तुस्थिती : मँचेस्टर सिटीचे मालक २००८ मध्ये बदलले, लीग विजेतेपद २०१२ मध्ये आले.

गैरसमज : नुकताच वर चढलेला संघ विजेता होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७८ मध्ये आणि जर्मनीत कैझर्सलाउटर्न १९९८ मध्ये, बढतीनंतरच्या पहिल्याच हंगामात विजेते झाले. मात्र प्रशिक्षक ब्रायन क्लफ फॉरेस्टमध्ये जानेवारी १९७५ पासून होते आणि कैझर्सलाउटर्नने १९९१ मध्येही लीग जिंकली होती.

गैरसमज : एकदा शिखर गाठले की स्थान पक्के.

वस्तुस्थिती : १९७९ आणि १९८० असा दोनदा युरोपियन कप जिंकणारा फॉरेस्ट २००५ मध्ये तिसऱ्या स्तरावर घसरला.