शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बांधलेलं थिएटर : कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची गोष्ट

कोल्हापूर : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छप्पर, खुर्च्या सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. हार घालायला आलेले कलाकार राखेत उभं राहून रडत होते. आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी जणांनी या थिएटरात नाटक बघितलंय, पण ते कुणी, कधी आणि कसं बांधलं हे नव्या पिढीला फारसं माहीत नाही. म्हणून हा लेखाचा खटाटोप.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोममधलं जुनं गोल क्रीडागार पाहिलं. राजापासून रयतेपर्यंत सगळे एकाच ठिकाणी बसून खेळ बघू शकतात, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. त्यातून खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, ते १९१२ च्या सुमारास पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेला गोल उतार. बांधावर उभं राहून खालचं वावर जसं पुरं नजरेत येतं, तसं तिथं कुठंही बसलं तरी डाव दिसतो. पुढच्याच्या पटक्याआड काही लपत नाही.

त्याच आवारात, मैदानाला लागून महाराजांनी १९१३ ला नाट्यगृहाचं काम सुरू केलं. १९१५ ला ते तयार झालं. नाव होतं पॅलेस थिएटर. त्या काळी बऱ्याच गावांत नाटक कंपन्या मांडव घालून किंवा तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये खेळ करायच्या. अशा वेळी दगडी भिंतींचं पक्कं नाट्यगृह हे मोठंच काम होतं.

मैदानाचाच विचार आत आणलेला. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता, त्यामुळं स्वस्तातलं तिकीट काढून पाठीमागं बसलेल्यालाही रंगमंच पुरा दिसायचा. तेव्हा माईक नव्हते. नटाच्या गळ्यातलं गाणं मागच्या भिंतीपर्यंत पोचलंच पाहिजे, ही गरज. रंगमंचाच्या लाकडी फळ्यांखाली खोल पोकळी होती आणि आवाज घुमावा म्हणून त्यात पाणी ठेवलं जायचं, असं जुने रंगकर्मी सांगतात. ढोलकीचं पोट रिकामं असतं म्हणून ती बोलते, तसाच हा प्रकार. ज्यानं घडवलं त्याला लाकूड, दगड आणि माणसाचा गळा या तिन्हींची जाण होती, एवढं नक्की.

आता नावाबद्दल. केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. घरची गरिबी, त्यामुळं लहानपणीच नाटक कंपनीत गेले. ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं त्यांचं नाव झालं. पुढं १९०८ ला त्यांनी हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. कोल्हापूरचेच बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांचे पडदे बघायलाही लोक येत. त्यातले बाबूराव पुढं सिनेमाकडं वळले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन तोडीस तोड गायक नट एका रंगमंचावर म्हटल्यावर गर्दी तुटून पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वय फक्त ३१. स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं.

आपल्या भागाचं नातं निराळं. व्यावसायिक नाटकं आली ती आलीच, पण राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघ याच रंगमंचावर उतरायचे. दिवसभर रानात काम करून रात्री देवळात तालीम करणाऱ्या पोरांना ‘केशवराव’ला उभं राहायला मिळणं म्हणजे कुस्तीगीराला खासबागेत उतरायला मिळण्यासारखंच.

आगीत दर्शनी भाग आणि दगडी भिंती बऱ्याच वाचल्या. खासबागेच्या बाजूचं लाकडी व्यासपीठ मात्र गेलं. नाट्यगृह महापालिकेचं आहे, आणि शासनानं पैसे जाहीर केल्यावर पुन्हा उभारणीचं काम टप्प्याटप्प्यानं हाती घेतलं गेलं. ‘जसं होतं तसंच बांधा’ ही कलाकारांची पहिल्या दिवसापासूनची मागणी. ती नुसती भावनेची नाही. भिंत तशीच ठेवली आणि आतला आवाज गेला तर हाती उरणार ते फक्त बाहेरून फोटो काढायचं ठिकाण.

सोयींचं बोलायचं तर आगीआधी नूतनीकरण होऊन प्रेक्षागृह वातानुकूलित झालं होतं. पण खेड्यातल्या प्रेक्षकाची अडचण एसीची कधीच नव्हती. रात्री साडेनऊचं नाटक साडेबाराला सुटतं आणि मुक्कामी एसटी तर संध्याकाळीच गावाकडं निघालेली असते. चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या माणसानं मग जीप ठरवायची, नाहीतर स्टँडवर पहाट करायची. बायकांसाठी स्वच्छ आणि पुरेशी स्वच्छतागृहं, म्हाताऱ्यांना चढता येईल असा उतार आणि शनिवार-रविवारी दुपारचे खेळ एवढं झालं तरी तालुक्यांतली माणसं येतील. कागदावर आराखडा आहे तोवरच हे मागायचं असतं. एकदा फरशी बसली की कोण ऐकतं?

बघायला जायचं असेल तर मध्यवर्ती स्टँडवरून रिक्षा किंवा केएमटी मिळते. अंबाबाईच्या देवळापासून हे ठिकाण चालत जाण्याएवढं जवळ आहे. स्वतःची गाडी असेल तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून पायी गेलेलं बरं, आणि नवरात्रात तर गाडी आत घालूच नका. खेळ बघायच्या हिशेबानं जाणाऱ्यांनी नाट्यगृह सुरू आहे का याची आधी चौकशी करावी. खासबाग मैदान शेजारीच आहे. तिथं वरच्या कडेला पाच मिनिटं बसून खाली हौद्याकडं बघा, म्हणजे महाराजांनी थिएटरात काय साधलं होतं ते सांगावं लागणार नाही. भूक लागली तर बाजूलाच खाऊगल्ली आहे, ती संध्याकाळी भरते.