मोल देऊन घेतलेला मुलूख

राज्ये वाढतात ती तलवारीने, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खानदेशापुरती ती खरीही आहे. महिदपूरच्या लढाईत पराभव झाल्यावर १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांना खानदेशातील आपला मुलूख सोडावा लागला. पण भुसावळहून पूर्वेस निघालेली आगगाडी मलकापूरला पोचते, तेव्हा ती ज्या वऱ्हाडात शिरते त्याची गोष्ट निराळी आहे. इंग्रजांनी वऱ्हाड घेतले ते कर्ज आणि भाडे या मार्गाने. देवघेवीने मुलूख कसा हाती येतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही प्रथम या व्यवहाराचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण पाहू आणि मग आपल्या शेजाराकडे वळू.

१८०३ साली अमेरिकेची संयुक्त संस्थाने स्वतंत्र होऊन अवघी सत्तावीस वर्षे झाली होती. पश्चिमेकडील शेतकऱ्यांचा माल मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्स बंदरात उतरे. ते बंदर स्पेनने फ्रान्सला देऊन टाकल्याचे कळताच अध्यक्ष जेफर्सन यांना काळजी पडली. बंदर दुसऱ्याच्या मुठीत, म्हणजे शेतकऱ्याचा गळाच दुसऱ्याच्या मुठीत! बंदर विकत घेण्यासाठी त्यांचे वकील पॅरिसला बोलणी करू लागले. तिकडे नेपोलियनची फौज हैती बेटातील गुलामांच्या उठावापुढे आणि पीतज्वरापुढे खचली होती. इंग्लंडशी युद्ध पुन्हा जुंपणार होते आणि त्याला पैसा हवा होता. त्याने बंदराबरोबर सारा लुइझियाना प्रांतच विकावयास काढला. किंमत ठरली १ कोटी ५० लाख डॉलर. मुलूख सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. एकरी तीन सेंटांच्या आसपास दर पडला आणि देशाचा विस्तार एका सहीने दुप्पट झाला.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. नेपोलियनने विकले ते नेमके काय? त्या विस्तीर्ण मैदानांत मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या आणि फ्रान्सची सत्ता तेथे बहुतांशी नकाशावरच होती. विकला गेला तो जमिनीवर हक्क सांगण्याचा अधिकार. जमीन पुढे त्या जमातींकडून तहांनी, दडपणाने आणि युद्धांनी घेण्यात आली. ती किंमत १ कोटी ५० लाखांत धरलेली नव्हती.

आता वऱ्हाडाकडे वळू. साल तेच, १८०३. आडगावची लढाई आणि गाविलगड गमावल्यावर नागपूरकर भोसल्यांनी डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले. कंपनीने ते आपल्या मित्राला, निजामाला, दिले. पुढे निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली, ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली. तिचा खर्च थकत गेला, देणे वाढत गेले. आणि १८५३ साली डलहौसीच्या कारकीर्दीत वऱ्हाड त्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६० च्या तहाने निजामाचे ५० लाख रुपयांचे देणे माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. दिवाण सालारजंग यांनी ते परत मिळविण्यासाठी पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. मालकी नावापुरती निजामाची, सत्ता इंग्रजांची.

इंग्रजांना वऱ्हाड एवढे का हवेसे वाटले? काळ्या मातीतील कापूस हे एक मोठे कारण. येथे दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. लुइझियानाच्या नव्या मुलखात गुलामगिरी चालू द्यावी की नाही, हा वाद वाढत जाऊन १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटण्याच्या कारणांत सामील झाला. दक्षिणेची बंदरे अडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली.

दोन्ही सौद्यांत एक फरक आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. लुइझियानाच्या तहाच्या तिसऱ्या कलमात तेथील रहिवाशांना नागरिकत्वाचे सर्व हक्क देण्याचे वचन होते, आणि १८१२ साली त्या मुलखातील पहिले राज्य संघात बरोबरीने दाखल झालेही. गुलाम आणि मूळ रहिवासी मात्र त्या वचनाबाहेरच राहिले. वऱ्हाडच्या करारात प्रजेसाठी असे कोणतेच वचन नव्हते. ते २५ लाख रुपये ज्या सरकारी तिजोरीतून जात, तिच्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा सारा पडतच होता. स्वतःच्याच मुलखाच्या भाड्याला त्याचा हातभार लागे, पण करारावर त्याचे मत कोणी विचारले नाही.

ते मत प्रथम खऱ्या अर्थाने विचारले गेले १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. मलकापूरचा शेतकरी आणि जळगाव-धुळ्याचा शेतकरी तेव्हा एकाच हक्काने मतपेटीपाशी गेले. एकाचा मुलूख पट्ट्याने गेलेला, दुसऱ्याचा तलवारीने. पण हा हक्क दोघांनाही मिळाला तो १९५० च्या संविधानाने. मुलखाचा व्यवहार इतिहासात कोठेही वाचला, तर किंमत किती पडली हे पाहून थांबू नये, असे आम्हांस वाटते. तेथे राहणाऱ्या माणसांना त्या कागदाने काय दिले, आणि कोणाला वगळले, तेही शोधावे.