केनियाला निघताय? ठिकाणं कमी करा, मुक्काम वाढवा

नैरोबी शहर कळसूबाईपेक्षा उंचावर वसलंय. कळसूबाई 1,646 मीटर, नैरोबी जवळपास 1,700. विषुववृत्त तिथून फार लांब नाही, तरीही जुलैच्या पहाटे स्वेटर लागतोच. आफ्रिका म्हणजे रखरखीत ऊन, अशा समजुतीने सुती कपडे भरून आलेली मंडळी विमानतळाबाहेर कुडकुडताना मी पाहिली आहेत. मी शाळेत भूगोल शिकवला. लेक नोकरीनिमित्त नैरोबीत असते, म्हणून माझंही तिकडे जाणं-येणं असतं. पुण्यातले ओळखीचे लोक निघण्याआधी हमखास फोन करतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. आपल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि केनियाचा मोठा पाऊस मार्च ते मे असतो. म्हणजे आपल्याला सवड असते तेव्हा तिकडे चिखल असतो. गवत उंच वाढलेलं असतं, त्यात जनावरं दिसत नाहीत आणि कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुततात. उलट आपल्याकडे धो-धो पाऊस असतो, त्या जून ते सप्टेंबरमध्ये तिकडे कोरडा हंगाम असतो. विल्डबीस्ट या चरणाऱ्या जनावरांचे लाखोंचे कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून केनियाच्या मसाई मारा अभयारण्यात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. तेव्हा गर्दी आणि खर्च दोन्ही जास्त. जानेवारी-फेब्रुवारीतही हवा कोरडी असते, गर्दी कमी असते आणि सिंह, हत्ती, जिराफ मारात बारा महिने असतातच.

मग लस. पिवळ्या तापाची लस आपल्याकडे फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक जाताना जितकं महत्त्वाचं, तितकंच परत येताना. केनियाहून मुंबईत उतरलात आणि ते जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. नैरोबीत उंचीमुळे धोका कमी असतो, पण मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात तो चांगलाच असतो.

जानेवारी 2024 पासून केनियाने पारंपरिक व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवाना सुरू केला. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याचा पत्ता ‘गो डॉट केई’ने संपतो. तसंच दिसणारी, जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

सामान भरताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा. ऑगस्ट 2017 पासून तिथे त्यांच्यावर कडक बंदी आहे. लाडू-चकल्या डब्यात भरा, ओले कपडे कापडी पिशवीत. जून 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली घ्या. लष्करी छापाचे कपडे नकोत, ते सामान्य माणसाने घालणं तिथे बेकायदा आहे. गडद निळा आणि काळा रंगही टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा असतो. छोट्या विमानाने मारात जाणार असाल, तर साधारण पंधरा किलोचीच मुभा असते आणि तीही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस चालत नाही.

रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. डॉलर न्या, पण नोटा नव्या आणि न फाटलेल्या हव्यात. शहरातल्या हॉटेलांत कार्ड चालतं. बाकी देश मोबाइलवरच्या एम-पेसावर चालतो. 2007 मध्ये सुरू झालेली ही सोय आज भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे वापरतात. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतलं, की तुम्हालाही वापरता येते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या बहुतेक सहली आठवड्याभरात अँबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मसाई मारा अशी चार ठिकाणं बसवतात. नकाशा उघडून बघा. नैरोबीहून मारा पाच-सहा तास. अँबोसेली पार दुसऱ्या दिशेला, दक्षिण सीमेवर. तिथून मारात जायचं तर अख्खा दिवस रस्त्यात जातो. मग जनावरं बघायला उरतात ते थकलेले दोन-तीन तास, तेही भर दुपारचे, जेव्हा सिंह झुडपाखाली झोपलेला असतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारासच मावळतो. संधिप्रकाश रेंगाळत नाही. खरं जंगल त्या पहिल्या आणि शेवटच्या दोन तासांत दिसतं. माराचं तिकीटही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं. परदेशी प्रौढाला ते जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर, असे दर 2024 मध्ये लागू झाले. एवढे पैसे मोजायचे, तर दिवस पुरा वापरा. माझा आग्रह आहे की दोनच ठिकाणं निवडा आणि मारात किमान तीन रात्री राहा.

नदी ओलांडण्याचं दृश्य पाहायचं, तर हा वेळ लागतोच. कळप मारा नदीच्या काठावर येऊन थांबतो. पुढचा प्राणी पाण्यापर्यंत उतरतो, हुंगतो, मागे फिरतो. मागून रेटा वाढत राहतो, धूळ उडते, कळप पुन्हा वर चढून चरायला लागतो. असं तासन् तास चालतं. मग एकजण उडी घेतो आणि त्याच्यामागे सगळे कोसळतात. चांगला गाइड पहिली उडी पडेपर्यंत गाडी काठापासून लांबच ठेवतो, कारण वाट अडली तर कळप माघारी वळतो. त्याला ‘जरा पुढे घ्या ना’ म्हणून गळ घालू नका. रस्ता सोडून गाडी गवतात घालायलाही सांगू नका. त्याचा परवाना त्यात जाऊ शकतो.

समुद्र हवा असेल, तर नैरोबी ते मोंबासा रेल्वेने जा. 2017 मध्ये सुरू झालेली माडाराका एक्स्प्रेस हे अंतर पाच-सहा तासांत कापते आणि त्सावोच्या रानातून जाते. खिडकीतून हत्ती दिसतात, मातीने लाल झालेले. स्टेशन शहराबाहेर आहे आणि सामानाची तपासणी कसून होते, तेव्हा तासभर आधी पोचा. याच वाटेने 1896 पासून जुना लोहमार्ग घातला गेला, तो तीस हजारांहून अधिक हिंदुस्थानी मजुरांच्या हातांनी. सुमारे अडीच हजार जण त्यात गेले. 1898 मध्ये त्सावोच्या दोन सिंहांनी मारलेल्या मजुरांची गोष्ट जगभर सांगितली जाते. रोगाने आणि अपघातांनी गेलेल्यांचीही त्या प्रवासात आठवण ठेवावी.

जेवणासाठी शाकाहाऱ्यांनी सगळी बॅग खाऊने भरायची गरज नाही. मारात जाताना लागणाऱ्या नारोकच्या रस्त्यावर साध्या खानावळीत चपाती-नडेंगू मागवा. नडेंगू म्हणजे हिरव्या मुगाची कांदा-टोमॅटो घातलेली उसळ. चपाती जाडसर, पदर सुटलेली, तेलावर भाजलेली असते. सोबत कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. मका आणि घेवड्याचं गिथेरी, पांढऱ्या मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली आणि परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजीही सहज मिळते. पाणी मात्र उकळलेलं किंवा सीलबंदच प्या. आणि काही मागण्याआधी समोरच्याची ख्यालीखुशाली विचारा. थेट कामाचं बोलणं तिथे उद्धट वाटतं.

मसाई माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पोलिस, लष्करी ठिकाणं आणि सरकारी इमारतींचे तर काढूच नका. प्रवास-विमा घेताना रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरलाय ना, हे पाहा. मारातून मोठं हॉस्पिटल खूप लांब पडतं.

शेवटी, बुकिंग करताना एक प्रश्न जरूर विचारा: आमचे पैसे कोणाकडे जातात? मारा अभयारण्याच्या उत्तरेला नाबोईशो, ओलारे मोतोरोगी अशी राखीव रानं आहेत. तिथली जमीन मसाई कुटुंबांची आहे. कॅम्पवाले त्यांना ठरलेलं भाडं देतात, त्या बदल्यात जमिनीला कुंपण पडत नाही आणि जनावरांची वाट मोकळी राहते. तिथे खोल्या मोजक्या, एका जनावराभोवती गाड्याही मोजक्याच. दर जास्त असतो, हे खरं. पण चार ठिकाणांमधली दोन कमी केलीत, तर त्या वाचलेल्या पैशांत तिथल्या एक-दोन रात्री बसतात. ज्यांच्या जमिनीवर ते रान टिकून आहे, त्यांच्या घरात आपल्या सहलीतले चार पैसे पोचावेत, असं मला मनापासून वाटतं.