वाचवणाऱ्यांची नावं

युद्धाचं स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बंदूक घेतलेला जवान, घोड्यावरचा सेनापती, नाहीतर चौकातला जुना रणगाडा. पण नेदरलँड्समधल्या ड्रील या छोट्याशा गावात, ऱ्हाईन नदीच्या बांधावर, एक वेगळं स्मारक आहे. ते आहे आपल्या माणसांना नदीपार सुखरूप आणणाऱ्या लष्करी अभियंत्यांचं.

लष्करातले अभियंते म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग काढणारे जवान. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स हेच काम करतात. १९४८ साली नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे कारवारचे रामा राघोबा राणे त्यांच्यातलेच. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

ड्रीलची गोष्ट सप्टेंबर १९४४ ची. जर्मनांच्या ताब्यातला आर्नहेमचा पूल घेण्यासाठी १७ सप्टेंबरपासून सुमारे दहा हजार सैनिक विमानांतून नदीपलीकडे उतरले. पूल काही हाती लागला नाही. उलट तेच वेढले गेले. अन्न संपलं, दारूगोळा संपत आला. शेवटी २५ तारखेच्या रात्री त्यांना परत आणायचं ठरलं.

नदीला जोराचा ओढ होता, वर धो धो पाऊस आणि समोरून गोळीबार. पलीकडचे सैनिक बुटांना फडकी गुंडाळून, आवाज न करता, जमिनीवर टाकलेल्या पांढऱ्या फितीच्या आधाराने नदीकाठी येत होते. त्यांना आणायला गेल्या त्या कॅनडाच्या दोन आणि ब्रिटनच्या दोन अभियंता तुकड्या. ब्रिटिशांच्या बोटी वल्ह्यांच्या, कॅनेडियनांच्या मोटारीच्या. पावसाने मोटारी बंद पडत, काही बोटी बुडाल्या, त्यांच्यासोबत माणसंही गेली. तरी खेपा थांबल्या नाहीत. उजाडेपर्यंत सुमारे २,४०० जण अलीकडे आले. जे जखमी हलू शकत नव्हते ते मागेच राहिले आणि त्यांच्यासोबत डॉक्टरही थांबले.

मैत्रिणींनो, त्या अंधारात कोणी कोणाचा चेहरा पाहिला असेल? कोणी तरी हात दिला, बोटीत ओढून घेतलं, काठावर उतरवलं आणि बोट परत फिरली. नाव विचारायला सवड कुठे होती! या अभियंत्यांचं स्मारक उभं राहिलं १९८९ मध्ये. म्हणजे तब्बल ४५ वर्षांनी.

आठवण आपोआप राहत नाही, ती कोणीतरी जपावी लागते. याच ड्रीलच्या कोरा बाल्टुसेन या बाईंनी त्या दिवसांत जखमी पोलिश सैनिकांची शुश्रूषा केली. पुढे या पोलिश तुकडीवर आणि तिचे सेनापती सोसाबोव्स्की यांच्यावर अपयशाचं खापर फोडलं गेलं. कोराबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांचा मान त्यांना मिळावा म्हणून त्या वर्षानुवर्षं झटल्या. २००६ साली ड्रीलमध्ये सोसाबोव्स्कींचं स्मारक झालं. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या. आदल्याच वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडे २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या बायाबापड्यांना जवानांनी बोटींतून बाहेर काढलं. पाठोपाठ रक्षाबंधन आलं, तेव्हा कितीतरी जणींनी त्या जवानांना राख्या बांधल्या. जवानांसोबत गावोगावचे नावाडी होते, पोहणारी पोरं होती. छातीभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन येणारेही होते. त्यांची नावं कुठे लिहिलेली आहेत?

दगडी स्मारक बांधणं आपल्या हातात नसेल, पण एक वही तर आहे! महिला मंडळाच्या, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत विषय काढा. आपल्या गावात पुरात, आगीत, अपघातात कोणी कोणाला वाचवलं, ते विचारा. नाव, वर्ष आणि काय केलं, एवढं लिहून ठेवा. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल. त्यासाठी ४५ वर्षं कशाला थांबायचं?