सेवेतून शिक्षण आणि गौरवाचे निकष : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

विद्यार्थ्याने शिकता शिकता समाजासाठी काम करावे आणि त्या कामातूनही शिकावे, ही कल्पना भारतीय शिक्षणात नवी नाही. १९५९ मध्ये नेमलेल्या सी. डी. देशमुख समितीने राष्ट्रीय सेवा सक्तीची करण्याची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव सुचविला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पुढे योजनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९९३-९४ पासून स्वयंसेवक, कार्यक्रम अधिकारी, एकके व विद्यापीठे यांच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार दिले जाऊ लागले. या गौरवात नेमके काय मोजले जाते आणि मालवण किनाऱ्यासारख्या परिसरात काय मोजले जावयास हवे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गौरवाची चौकट

योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. राष्ट्रीय पुरस्कार हे या रचनेचे शिखर होय. २०२०-२१ या वर्षासाठीचे पुरस्कार २४ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देण्यात आले. त्यांत ३० स्वयंसेवक होते आणि १० एकके व त्यांचे कार्यक्रम अधिकारी होते. स्वयंसेवकास १ लाख रुपये व रौप्यपदक, कार्यक्रम अधिकाऱ्यास दीड लाख रुपये, तर एककास कार्यक्रमविकासासाठी २ लाख रुपये असे त्यांचे स्वरूप होते. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही विस्तारकार्यासाठी मिळालेल्या पुरस्कारांची गणना होत आली आहे. साहजिकच पुरस्कार हा व्यक्तीइतकाच संस्थेच्याही हिताचा विषय झाला.

येथेच अडचण सुरू होते. प्रस्ताव तयार करताना तास, शिबिरे, लावलेली रोपे, जमलेले रक्तदाते आणि वृत्तपत्रांतील कात्रणे सहज मांडता येतात. लावलेल्या रोपांपैकी तिसऱ्या उन्हाळ्यात किती तगली, ही नोंद मात्र क्वचितच दिसते. दोष प्रस्ताव करणाऱ्यांचा नाही. जे विचारले जाते तेच लिहिले जाते, आणि पुढच्या वर्षी कामही त्याच बेताने आखले जाते.

किनाऱ्याचे वेळापत्रक

मालवणच्या किनाऱ्यावर ही विसंगती विशेष ठळकपणे जाणवते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. उत्तरेस देवगड तालुक्यातील तांबळडेग आणि दक्षिणेस वेंगुर्ला तालुक्यातील वायंगणी येथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलेल्या कामामुळे कोकण किनाऱ्यावर या संवर्धनाची एक पद्धतच रूढ झाली. पहाटे किनारा पालथा घालायचा, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी कुंपण घातलेल्या जागी तितक्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत राखण करायची.

एका घरट्यात साधारणतः शंभरच्या आसपास अंडी असतात. ती उबण्यास पन्नासेक दिवस लागतात. माद्या मुख्यतः हिवाळ्यात अंडी घालतात, तर बरीचशी पिल्ले फेब्रुवारीनंतर, म्हणजे नेमकी परीक्षांच्या हंगामात बाहेर पडतात. सात दिवसांच्या शिबिरात हे चक्र बसूच शकत नाही. शिबिरातील विद्यार्थी किनारा स्वच्छ करतील, फलक लावतील, फेरी काढतील. राखण करतो तो गावातला माणूस. शिवाय कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने वनविभागाच्या देखरेखीवाचून अंड्यांना हातही लावता येत नाही. मग विद्यार्थ्याचे काम कोणते? ते आहे, आणि ते त्याच्या विषयाशी जोडलेले आहे. कासवांत पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. अधिक उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने रोज ठरावीक वेळी घेतलेली तापमानाची नोंद ही सेवा आहे आणि अभ्यासही. कासव महोत्सवातून घरगुती निवासव्यवस्थेला किती हातभार लागतो, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पाहू शकतो. अशा कामाचे तास थोडे भरतील आणि छायाचित्रही फारसे देखणे निघणार नाही. पण सलग पाच वर्षांची नोंदवही गावाच्या व वनविभागाच्या उपयोगी पडेल.

कामातून शिकण्याचे जिल्ह्यातील उदाहरण

सेवेतून शिकणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी सिंधुदुर्गास बाहेर पाहण्याची गरज नाही. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा करणारे आप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःला करू द्यावे यासाठी उपोषण आरंभिले. गांधीजींनीही येरवड्यातून त्यांना उपोषणाची साथ दिली. हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो, तथापि शिक्षकाच्या दृष्टीने त्याचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कामासाठी मूठभर माणसांना पिढ्यान्‌पिढ्या राबविले गेले, ते काम मुळात तसे करावेच लागू नये, असा विचार त्यांनी केला आणि मैल्याचे खत करणारा, आळीपाळीने वापरायच्या दोन खणांचा ‘गोपुरी संडास’ घडविला. हातात झाडू घेतला नसता तर दोष कोठे आहे हे कळले नसते. आणि केवळ झाडूच मारीत राहिले असते तर तो दूर झाला नसता.

पुरस्काराच्या प्रस्तावात ‘या कामातून तुम्हांला पूर्वी माहीत नसलेले काय कळले आणि त्यामुळे कामाची पद्धत कशी बदलली?’ एवढा एक प्रश्न असला, तरी प्रस्तावांचा रोख बदलेल.

शिक्षकांचा गौरव

कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे, फार तर आणखी एक वर्ष असते. मच्छीमार वस्तीचा विश्वास मिळण्यास पहिली दोन वर्षे जातात. तिसऱ्या वर्षी खरे काम उभे राहते आणि सूत्रे दुसऱ्याकडे जातात. पदांतराचा नियम अयोग्य नाही, त्यामुळे इतरांनाही संधी मिळते. मात्र उत्तराधिकाऱ्याकडे काम कसे सोपविले, मागील अधिकाऱ्याने सुरू केलेले काम पुढे चालविले की नवा उपक्रम नव्या नावाने मांडला, याची दखल घेतली जात नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला श्रेय मिळते, पुढे चालविणाऱ्याला नाही.

२०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची श्रेयांकरचना आली. सहशालेय उपक्रम, क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना तीत श्रेयांक आहेत. त्यामुळे हौसेने येणाऱ्या शंभरांच्या एककाखेरीज श्रेयांकासाठी येणारे विद्यार्थीही गावात जातील. त्यांना वर्षानुवर्षे चाललेल्या एखाद्या नोंदवहीत आपली पाने जोडता आली, तर गावालाही त्यांचा भार वाटणार नाही.

गौरव वैयक्तिक असावा की सामूहिक, याचेही एक उत्तर याच किनाऱ्यावर आहे. रापणीचे जाळे ओढताना दोराला अनेक हात लागतात आणि मासळीचे वाटे त्या सर्वांना पडतात. राष्ट्रीय पुरस्कारांत देशभरातून ३० स्वयंसेवक निवडले जातात; महाविद्यालयाच्या पातळीवर मात्र एकेका विद्यार्थ्याऐवजी एकाच नोंदवहीवर क्रमाने काम केलेल्या तीन-चार तुकड्यांचा आणि सोबत राखण करणाऱ्या ग्रामस्थाचा एकत्र सत्कार करण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.